रंगांच्या याद्या आणि यादींतले रंग

गेल्या वर्षीं आमच्या घरीं एक मंगलकार्य झालें. त्या निमित्तानें आमच्या आत्याबाईंना एक लुगडें घ्यावयाचें होतें आणि तें पारव्या रंगाचें असावें अशी त्यांची इच्छा होती. आत्याबाईंचें वय आज ब्यायशी वर्षांचें आहे. या वयांत बाजार हिंडणें शक्य नसल्यामुळें दुकानदाराला मोबाईलवरून निरोप गेला आणि तिसऱ्या दिवशीं लुगडें घरीं आलें. घडी उलगडतांच आत्याबाई म्हणाल्या, "हा पारवा नव्हे, ही चुलींतली राख आहे." दुकानदार भला माणूस, तो स्वतः घरीं आला आणि खिशांतून एक छापील यादी काढून त्यानें आमच्यापुढें ठेवली. तींत रंगांचीं मराठी नांवें, त्यांच्यापुढें इंग्रजी नांवें आणि त्यांच्याहि पुढें संगणकाचे आंकडे होते. 'पारवा' या शब्दापुढें 'ग्रे' असें स्वच्छ लिहिलेलें होतें. "आजी, आम्ही यादीबाहेर जात नाहीं," तो नम्रपणें म्हणाला. आत्याबाईंनीं चष्मा सारखा केला आणि उत्तर दिलें, "अरे बाळा, पारव्याला रंग तुझी यादी विचारून आलेला नाहीं."

लुगडें परत गेलें, दुसरें आलें, कार्यहि यथासांग पार पडलें. परंतु ती यादी कांहीं आमच्या मनांतून गेली नाहीं. ती कोणीं केली, कोणास विचारून केली, पारव्याच्या अंगावरील निळसर झांक टाकून देऊन केवळ राखेचा रंग तेवढा ठेवावा हें कोणीं ठरविलें, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर त्या कागदावर नव्हतें. आणि तरीहि जन्मभर पारवा नेसलेल्या एका बाईच्या शब्दापेक्षां त्या निनांवी कागदाचा शब्द बाजारांत वजनदार ठरला होता. अशा याद्या आज शेंकड्यांनीं फिरत आहेत. भिंतीचा रंग विकणाऱ्यांची यादी निराळी, कापडवाल्यांची निराळी, संगणकांतली निराळी. नवरात्र आलें कीं नऊ दिवसांच्या नऊ रंगांची यादी वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होते, आणि मोरपंखी म्हणजे निळा कीं हिरवा या प्रश्नावर एकाच कचेरींतील चार स्त्रिया चार रंगांचीं वस्त्रें नेसून येतात.

या विषयावर आमचें म्हणणें दोन वाक्यांत सांगतां येईल. ज्या यादीला आपल्या प्रत्येक नांवाचा पुरावा देतां येत नाहीं, ती यादी नसलेली बरी. आणि पुराव्यानिशीं केलेली मराठी रंगनामांची यादी झालीच पाहिजे, व तीं नांवें ज्यांच्या डोळ्यांत अद्याप जिवंत आहेत तीं माणसें आहेत तोंवर झाली पाहिजे.

"लुगड्याच्या रंगासाठीं एवढा आटापिटा कशाला?" असें कांहीं वाचक विचारतील. त्यांना आम्ही लुगडें सोडून दोन दुसरीं उदाहरणें देतों. कांहीं तान्ह्या मुलांत पित्तनलिका बंद होण्याचा एक भयंकर विकार असतो. त्यांत मुलाच्या मळाचा रंग फिकट होत जातो, आणि जन्मानंतर साधारणतः दोन महिन्यांच्या आंत शस्त्रक्रिया झाली तर यश येण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो. आईला "मळ पिवळा आहे ना?" असें विचारलें तर ती "हो" म्हणते, कारण पिवळा या शब्दांत हळदीपासून खरवसापर्यंत सारें मावतें. म्हणून तैवानमध्यें २००४ सालापासून प्रत्येक नवजात बालकामागें रंगांचे नमुने छापलेलें एक पत्रक देण्यांत येऊं लागलें. आईनें शब्द शोधावयाचा नाहीं. नमुन्याशीं ताडून पाहावयाचें. दुसरें उदाहरण भाताच्या शेताचें. पानाला नत्र पुरेसें आहे कीं नाहीं हें त्याच्या हिरवेपणावरून कळतें. परंतु एका शेतकऱ्याचा 'गर्द हिरवा' दुसऱ्याचा 'पोपटी' असूं शकतो. यासाठीं फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेनें चढत्या हिरव्या रंगांच्या पट्ट्यांची एक साधी मोजपट्टी प्रसृत केली, व ती हिंदुस्थानांतील शेतांतूनहि वापरली जाते. जेथें मुलाचा प्राण किंवा वर्षाचें पीक पणास लागतें, तेथें रंगाचें नुसतें नांव कोणास पुरत नाहीं. मग जेथें केवळ भाषा पणास लागली आहे तेथें मात्र तें पुरावें, असें म्हणणाऱ्यानें भाषेची किंमत काय केली हें उघड आहे.

हा प्रश्न नवाहि नाहीं. एडिंबरोचा चित्रकार पॅट्रिक साइम यानें जर्मन खनिजशास्त्रज्ञ वर्नर याच्या रंगनामांवरून १८१४ सालीं एक लहानसें पुस्तक तयार केलें. १८२१ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्यांत ११० रंग होते. प्रत्येक रंगाशेजारीं रंगविलेला एक चौकोन, आणि त्याच्यापुढें तो रंग निसर्गांत कोठें सांपडतो याच्या खुणा: होतां होईल तों एक प्राण्यांतली, एक वनस्पतींतली, एक खनिजांतली. प्रशियन निळा म्हणजे रानबदकाच्या नराच्या पंखावरचा चकाकता ठिपका, अशा थाटाचें तें लेखन आहे. चार्ल्स डार्विननें १८३१ सालीं बीगल जहाजावर पाऊल ठेवलें तेव्हां हें पुस्तक त्याच्या सामानांत होतें. नांवामागें तीन साक्षीदार उभे करण्याची ही पद्धति आमच्या दुकानदाराच्या यादीला कोठून ठाऊक असणार!

परंतु साइमच्या पद्धतींतहि उणें होतें. जलरंगाचा चौकोन कालांतरानें विटतो, आणि रानबदक सर्वांच्या गांवीं उतरत नाहीं. अमेरिकेंतील पक्षिशास्त्रज्ञ रॉबर्ट रिजवे यानें १९१२ सालीं १,११५ रंगांचे नांवनिशीवार नमुने प्रसिद्ध केले. पक्ष्यांचीं वर्णनें करणाऱ्यांनीं तें पुस्तक कित्येक पिढ्या वापरलें. अल्बर्ट मन्सेल या चित्रकलेच्या शिक्षकानें त्यापूर्वींच, १९०५ सालीं, दुसरें टोक गांठलें होतें. नांवें लहरी आहेत, म्हणून तीं टाकून द्यावींत आणि रंगाची छटा, उजळपणा व तीव्रता या तीन मापांनींच तो सांगावा, असें त्याचें म्हणणें होतें. १९३१ सालीं प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय मंडळानें या मापनाला पक्का पाया घातला. राइट आणि गिल्ड या दोन संशोधकांनीं मिळून सतरा माणसांच्या डोळ्यांची कसून परीक्षा घेतली होती; तिच्यावरून एक 'प्रमाण डोळा' ठरविण्यांत आला, आणि ठराविक प्रकाशांत दिसणारा कोणताहि रंग तीन आंकड्यांनीं सांगतां येऊं लागला.

येथें सामान्य वाचकास वाटेल कीं, आतां तंटा मिटला. प्रत्येक नांवापुढें तीन आंकडे लिहिले म्हणजे झालें. आमच्या मतें नेमकी येथेंच खरी चूक होते. आंकडा हा बिंदु आहे. नांव हा बिंदु नव्हे. नांव म्हणजे शिवार. गांवाचें शिवार म्हटलें कीं त्याचा मध्य असतो, त्याला बांध असतात, आणि बांधावर दोन गांवांची भांडणेंहि असतात. 'हिरवा' या शब्दाचें शिवार अफाट आहे, 'पोपटी'चें लहान, 'अबोली'चें त्याहून लहान. पण एका झाडावर फुललेल्या अबोलीचींहि दोन फुलें तंतोतंत सारखीं नसतात. एवढ्या शिवारांत कोठें तरी एक खुंटी ठोकून "हीच अबोली" असें म्हणणारा मनुष्य गणिती असेल, पण कोशकार नव्हे. हें ज्यांना उमगलें त्यांत केली आणि जड या दोघां अमेरिकन संशोधकांचें नांव घेतलें पाहिजे. १९५५ सालीं त्यांनीं रंगांच्या साऱ्या विस्ताराचे २६७ विभाग पाडले, प्रत्येक विभागाला साध्या शब्दांचें वर्णन दिलें, आणि त्यापूर्वींच्या निरनिराळ्या याद्यांतील हजारों नांवें कोणत्या विभागांत पडतात हें दाखवून दिलें. एकच नांव निरनिराळ्या याद्यांत निरनिराळ्या विभागांत पडतें ही गोष्ट त्या कामामुळें लपवितां येईनाशी झाली. वाद मिटविण्याआधीं वाद मोजून मांडावा, हा त्यापासून घेण्याजोगा धडा आहे.

हा धडा न घेतां केलेली यादी कशी होते, हें पाहावयाचें असल्यास प्रत्येकाच्या घरांतील संगणक उघडावा. त्यांतील पडद्यावर रंग सांगण्यासाठीं शून्यापासून २५५ पर्यंत आंकडे असतात. शून्य म्हणजे काळोख, २५५ म्हणजे पूर्ण उजेड. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत तयार झालेल्या एका प्रसिद्ध यादींत 'ग्रे' म्हणजे १९० आणि 'डार्क ग्रे', म्हणजे गडद राखी, १६९ असा क्रम होता. तो ठीकच होता. दुसऱ्या एका यादींत 'ग्रे' म्हणजे १२८ होता. पुढें दोन्ही याद्या एकत्र करण्यांत आल्या. तेव्हां साधा 'ग्रे' दुसरींतून आला आणि 'डार्क ग्रे' पहिलींतून. परिणाम असा कीं, त्या जगन्मान्य यादींत गडद राखी हा साध्या राखीहून फिकट आहे! चूक सर्वांना ठाऊक आहे. पण कोट्यवधि पानें तिच्यावर उभीं राहिल्यामुळें ती दुरुस्त करण्याची छाती कोणास होत नाहीं. त्याच यादींत 'खाकी' नांवाचा रंग आहे. खाक म्हणजे धूळ. हा शब्द फारसींतून आपल्याकडे आला, आपल्याच देशांतील पलटणींच्या गणवेषावरून इंग्रजींत गेला, आणि इंग्रजींतून संगणकांत गेला. तेथें त्याचें रूप २४०, २३०, १४० असें झालें. हा रंग म्हणजे लोण्यांत चिमूटभर हळद मिसळावी तसा फिकट पिवळा. महाराष्ट्रांतील ज्या पोरानें चौकांतला पोलीस पाहिला आहे तें हा खाकी नव्हे असें डोळे मिटून सांगेल. पण उद्यां तेंच पोर 'खाकी' शब्दाचा अर्थ संगणकाला विचारील आणि आपल्या डोळ्यांवरचा विश्वास गमावून बसेल. यादी एकदां पसरली म्हणजे ती मागें घेतां येत नाहीं. म्हणूनच ती पसरण्यापूर्वीं तिची झडती घेतली पाहिजे.

आतां आपल्या घराकडे वळूं. मराठींतील रंगनामांचे स्थूलमानानें तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग द्रव्यावरून आलेल्या नांवांचा: शेंदरी, हिंगुळी, हळदी, कुसुंबी, निळा. शेंदूर शिशापासून होतो, हिंगूळ पारा व गंधक यांपासून, गेरू ही लोहयुक्त माती. रंगाऱ्याच्या कुंडांत नीळ होती तोंपर्यंत निळ्या वस्त्राच्या रंगाला साक्ष देण्यास तें कुंड होतें. मंजिष्ठ आणि कुसुंबा यांचीहि गोष्ट तशीच. १८५६ सालीं विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाला डांबरापासून निघालेल्या द्रव्यांत जांभळट रंग सांपडला, १८९७ सालीं जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारांत आली, आणि हळूहळू कुंडें उलथलीं. द्रव्य गेलें, नांव राहिलें. पूर्वीं ज्या नांवाला पाककृतीचा आधार होता तें नांव आतां केवळ आठवणीवर तगून आहे.

दुसरा वर्ग वस्तूंवरून आलेल्या नांवांचा, आणि मराठीची खरी श्रीमंती यांतच आहे: पारवा, अबोली, आमसुली, डाळिंबी, अंजिरी, विटकरी, शेवाळी, बदामी, तपकिरी. पण वस्तु सांगितली म्हणजे रंग सांगितला असें होत नाहीं. वस्तूची अवस्थाहि सांगावी लागते. कोकमाची ताजी साल तांबडी असते आणि वाळलेलें आमसूल काळपट. तर आमसुली तो कोणता? डाळिंबी म्हणजे दाण्याचा कीं सालीचा? लिंबाचा म्हणजे झाडावरच्या कीं पिकून पडलेल्या? मेंदी रंग मागितला तर जाणता दुकानदार पानांच्या पुडीचा हिरवट रंग काढतो, हातावर उमटणारा तांबूस नव्हे. हें आपण सारे जाणतों, परंतु ज्यानें हें घरांत ऐकलें नाहीं त्यानें तें कोठून शिकावें? तपकीर ओढणारे आजोबा आतां विरळा झाले. मुलांना तपकिरी ठाऊक आहे, तपकीर ठाऊक नाहीं.

तिसरा वर्ग केवळ कल्पनेच्या किंवा रूढीच्या नांवांचा. चिंतामणि हें इच्छिलेलें देणारें रत्न. तें डोळ्यांनीं पाहिलेला मनुष्य अद्याप आमच्या भेटीस आलेला नाहीं. तथापि चिंतामणी रंगाचें लुगडें म्हटलें कीं वृद्ध स्त्रियांच्या डोळ्यांपुढें एक विशिष्ट निळा रंग उभा राहतो. चंद्रकळा म्हणावें तर ती काळी. पैठणीच्या परिभाषेंत राघू म्हणजे हिरवी आणि शिरोदक म्हणजे शुभ्र. उभा धागा एका रंगाचा व आडवा दुसऱ्या रंगाचा घालून विणलेल्या धूपछावेला तर एक रंगच नाहीं. पदर हालेल तसा तो पालटतो. जी यादी प्रत्येक नांवापुढें एकच आंकडा लिहिते ती धूपछावेपुढें काय लिहिणार?

आपले शब्दकोश या बाबतींत आपणांस कोठवर नेतात? दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळांत प्रसिद्ध झाले, आणि त्या श्रमांपुढें कोणीहि मान लववावी. पण कोश शब्दाचा अर्थ शब्दांनींच सांगणार. पारव्याच्या रंगासारखा तो पारवा, एवढें सांगून त्याचें काम संपतें. ज्यानें पारवा पाहिला आहे त्याला त्या व्याख्येची गरज नाहीं. ज्यानें पाहिला नाहीं त्याला तिचा उपयोग नाहीं. हा कोशकारांचा दोष नव्हे. रंगाच्या बाबतींत शब्दाला शब्दाची साक्ष पुरत नाहीं, डोळ्याची साक्ष लागते, एवढाच त्याचा अर्थ.

अशी साक्ष गोळा करणें आपणांस साधणार नाहीं असेंहि नव्हे. मोठें उदाहरण राष्ट्रध्वजाचें आहे. २२ जुलै १९४७ रोजीं घटनासमितीनें ध्वजाचा ठराव केला तेव्हां वरच्या पट्ट्याचा रंग शब्दांनींच सांगितला: गडद केशरी. परंतु केशर म्हणजे तरी काय? काडी तांबडी असते आणि दुधांत पडली कीं पिवळी होते; ध्वजाचा पट्टा दोहोंहून निराळा. शब्दावर विसंबून राहिलें असतें तर प्रत्येक गिरणीनें आपापला केशरी विणला असता. म्हणून १९५१ सालीं ध्वजाचें भारतीय मानक तयार झालें, पुढें त्यांत सुधारणा झाल्या, आणि केशरी रंग ०.५३८, ०.३६० व उजळपणा २१.५ अशा मापांनीं, कोणत्या प्रमाण प्रकाशांत पाहावयाचा त्या प्रकाशासह, बांधला गेला. शब्द, आंकडा, प्रकाश आणि नमुना या चारहि गोष्टी तेथें एकत्र आल्या. आणि याच ठिकाणीं मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट दिसेल. इंग्रजी 'सॅफ्रन' या एका शब्दांत आपला केशरीहि कोंबला जातो आणि भगवाहि. भगवा हा गेरूंत बुडविलेल्या वस्त्राचा, संन्याशाच्या छाटीचा व शिवरायांच्या झेंड्याचा रंग. केशरी हा मंगलकार्याच्या दुधाचा आणि फेट्याचा. मराठींत हीं दोन शिवारें आहेत आणि मध्यें बांध आहे. इंग्रजी यादी समोर ठेवून मराठी यादी करणारा पहिल्याच दिवशीं तो बांध नांगरून टाकतो. आमच्या आत्याबाईंचा पारवा याच नांगराखालीं सांपडला.

या म्हणण्यावर तीन बाजूंनीं आक्षेप येतात, त्यांचा विचार करूं.

पहिला आक्षेप रसिकांचा. रंग हा अनुभव आहे. त्याला मापांत कोंडलें कीं काव्य मेलें, असें ते म्हणतात. त्यांना आम्ही गवयाकडे पाठवितों. आपल्या संगीतांत षड्ज फिरता आहे; ज्याला जेथें रुचेल तेथें त्यानें तो धरावा. तरीहि मैफलीला बसतांना गवई साथीदाराला "काळी चार" किंवा "पांढरी एक" असें सांगतो, आणि पेटी, तंबोरा, तबला सारे त्या ठिकाणीं येऊन मिळतात. पेटीची पट्टी ठरलेली आहे म्हणून कोणाचें गाणें मेलें आहे काय? उलट ती ठरलेली आहे म्हणूनच अनोळखी साथीदाराबरोबरहि गाणें उभें राहतें. आणि काव्याचेंच म्हणाल, तर ज्या वाचकाला अबोली कोणती हेंच ठाऊक नाहीं त्याच्यापुढें कवीनें अबोली म्हटलें काय आणि आणखी कांहीं म्हटलें काय, सारखेंच.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. जगानें एक यादी मान्य केली आहे. तींत मराठी प्रतिशब्द भरावे आणि मोकळें व्हावें. ज्या यादींत गडद हा फिकटाहून फिकट आहे, तिचें प्रामाण्य किती मानावें हें वर दाखविलेंच आहे. शिवाय तिचे आंकडे पडद्याचे आहेत, कापडाचे नव्हेत. दोन मोबाईल शेजारीं ठेवले तर तेच आंकडे दोन रंग दाखवितात. जुन्या बायका लुगडें घेतांना तें दुकानाच्या दारापाशीं उजेडांत नेऊन पाहत, कारण दिव्याखालीं जुळलेले दोन रंग उन्हांत फारकत घेतात हें त्यांना ठाऊक होतें. ज्या यादीला प्रकाशाची शुद्ध नाहीं, ती त्या बायकांहून अडाणी समजली पाहिजे.

तिसरा आक्षेप, किंबहुना तिसरा उपद्रव, परिभाषापंडितांचा. इंग्रजींतील प्रत्येक छटेला एक संस्कृत शब्द घडवून द्यावा म्हणजे भाषा समृद्ध होते, अशी त्यांची समजूत आहे. नवीन छटेला नवीन शब्द लागेल तेथें तो अवश्य घडवावा. पण विटकरी, अंजिरी, शेवाळी हे शब्द जिवंत असतांना त्यांच्या उरावर समास आणून बसविणें ही समृद्धि नव्हे. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला" असें आपण म्हणतों. त्यांतला वाण म्हणजे वर्ण, रंग. आणि ढवळ्या व पवळ्या हीं नांवें बैलांच्या रंगावरूनच आलेलीं आहेत. गोठ्यांतील या शब्दांना ज्या यादींत स्थान नाहीं, ती मराठी यादी कशी?

मग यादी कशी असावी? आमची मागणी पांच कलमांत मांडतों.

एक: प्रत्येक नांवामागें माणसांची साक्ष असावी. ठराविक नमुने, दिवसाच्या ठराविक उजेडांत, निरनिराळ्या जिल्ह्यांतील स्त्रीपुरुषांपुढें ठेवून "याला तुम्ही काय म्हणतां?" असें विचारावें, पुरुषांत वर्णांधत्व स्त्रियांपेक्षां पुष्कळ अधिक असल्यानें सांगणाऱ्याचे डोळे आधीं तपासावे, आणि कितींनीं काय सांगितलें हें यादींत छापावें. हें अशक्य नाहीं. रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकारानें २०१० सालीं केवळ कुतूहलापोटीं संगणकावरून अशी विचारणा केली, तेव्हां पन्नास लाखांहून अधिक उत्तरें जमलीं. त्याला प्रत्येकाचा पडदा सारखा करतां आला नाहीं. आपण खरे नमुने घेऊन घरोघर गेलों तर तीहि उणीव राहणार नाहीं.

दोन: नांवाचा मध्य आणि बांध दोन्ही द्यावेत, एकटी खुंटी नको.

तीन: वस्तूवरून नांव असेल तर वस्तूची अवस्था सांगावी, आमसूल वाळलेलें कीं ताजें, मेंदी पानाची कीं हातावरची, हें लिहावें.

चार: जेथें एकमत नाहीं तेथें तसें स्पष्ट म्हणावें. कोंकणांत एक अर्थ आणि वऱ्हाडांत दुसरा आढळला तर दोन्ही द्यावेत, गोव्याचा तिसरा निघाला तर तोहि द्यावा. पुण्याचा अर्थ शिरोधार्य आणि बाकीचे चुकीचे, असला निवाडा यादीनें करूं नये. एकेकाळीं गांवोगांवचा शेर निराळा होता, आणि १९५६ च्या कायद्यानें वजनें एक झालीं हें बरेंच झालें. पण शब्द हा शेर नव्हे, तो कायद्यानें बदलत नाहीं.

पांच: नमुने खऱ्या कापडाचे व खऱ्या कागदाचे असावेत, ते उजेडापासून जपून ठेवावेत, त्यांचीं मापें यंत्रानें घेऊन प्रकाशासह नोंदवावींत, आणि प्रत्येक आवृत्तीवर तिचें वर्ष असावें. चूक आढळली तर ती दुरुस्त करण्याची वाट यादींतच ठेवलेली असावी.

हें काम विद्यापीठांनीं करावें, भाषेच्या संस्थांनीं करावें, वस्त्रविद्येच्या शाळांनीं करावें. जो करील त्याला आमचें वंदन. मात्र त्यासाठीं जी समिति नेमली जाईल तींत केवळ पंडित नसावेत. एक रंगारी असावा, एक विणकर असावा, जन्मभर लुगडीं विकलेला एक दुकानदार असावा, आणि सत्तरी ओलांडलेल्या निदान चार स्त्रिया असाव्यात. मराठींतील रंगांचें ज्ञान आजवर ज्यांनीं सांभाळलें त्यांना कोणत्याहि समितीनें अद्याप खुर्ची दिलेली नाहीं.

समिति नेमली जाईपर्यंत सुशिक्षित कुटुंबांनीं स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. प्रत्येक घराच्या ट्रंकेंत जुनीं लुगडीं आहेत. आजी, आत्या, मावशी यांच्यापैकीं जी कोणी असेल तिला जवळ बसवावें, एकेका रंगाचें नांव विचारावें, काठाच्या आंतून बोटभर चिंधी घ्यावी, ती एका वहींत लावावी आणि खालीं नांव, गांव, सांगणारीचें वय व तारीख लिहावी. वही उजेडांत उघडी ठेवूं नये. एका दुपारचें काम आहे. आमच्या आत्याबाईंनीं आपल्या जुन्या पारव्या लुगड्याची अशी चिंधी स्वतःच्या हातानें कापून त्या दुकानदाराला दिली आणि ती यादीच्या कागदावर चिकटवावयास सांगितलें. त्यानें ती चिकटविली आहे. 'ग्रे' हा शब्द तिच्याखालीं झांकला गेला आहे, आणि त्या दुकानांत तरी पारवा मागणाराला आतां पारवा मिळतो.